सेवियात दोघांचे पाच दिवस: काय बघायचं, कुठे आणि कधी खायचं

स्पेनला पहिल्यांदा जाणारं जोडपं बहुधा बार्सिलोना आणि माद्रिद ठरवतं, आणि सेवियाला उरलासुरला एक दिवस देतं. ही वाटणी उलटी करावी. दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांताची ही राजधानी, नकाशावर इंग्रजीत सेव्हिल, पायी फिरण्याजोगी आहे. मुख्य जागा एकमेकींपासून पंधरा-वीस मिनिटांवर आहेत, आणि खाणं असं की दोघांनी मिळून वाटून खाण्यासाठीच बेतलेलं. फक्त या शहराचं घड्याळ आपल्यापेक्षा वेगळं चालतं. ते समजून घेतलं नाही तर तिकीट, पैसा, हौस सगळं असूनही भर उन्हात बंद दारांपुढे उपाशी उभं राहावं लागतं. म्हणून खालचा सगळा बेत त्या घड्याळाभोवती मांडला आहे.

आधी महिना ठरवा

मार्चचा मध्य ते मेचा मध्य, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मार्चअखेर रस्त्यांवरची संत्र्याची झाडं फुलतात आणि गल्ल्यागल्ल्यांत तो वास भरून राहतो. तिथे या फुलांना आसाआर म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 अंशांच्या वर जाणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. विदर्भातला उन्हाळा काढलेल्यांनाही तो जड जातो, कारण सुट्टीत आपण दुपारी घरात बसत नाही, फिरतो.

वसंतात दोन मोठे उत्सव येतात. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता, आणि ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी फेरिया, म्हणजे जत्रा. सेमाना सांताच्या मिरवणुका बघण्यासारख्या आहेतच, पण त्या आठवड्यात हॉटेलांचे दर कितीतरी पट होतात आणि जुन्या गावातले रस्ते संध्याकाळी तासन्‌तास अडलेले असतात. फेरियाच्या मैदानातले बहुतेक मांडव खाजगी असतात, ओळखीशिवाय आत घेत नाहीत. पहिल्याच भेटीत शहर निवांत बघायचं असेल तर हे दोन आठवडे टाळा.

मग व्हिसा आणि प्रवास

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे किमान 15 दिवस आधी करावा लागतो, पण मुलाखतीच्या वेळाच मिळत नाहीत, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. प्रौढांचं शुल्क 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. नवराबायकोचे अर्ज वेगळे भरले तरी मुक्काम आणि तारखा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एकाच्या पत्रात पाच रात्री आणि दुसऱ्याच्या पत्रात सहा, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो.

भारतातून सोपा मार्ग माद्रिदपर्यंत विमानाचा आणि पुढे आगगाडीचा. माद्रिदच्या आतोचा स्थानकातून सेवियाच्या सांता हुस्ता स्थानकापर्यंत वेगवान गाडी साधारण अडीच तासांत पोचवते. स्पेनचा हा पहिला वेगवान रेल्वेमार्ग 1992 मध्ये, सेवियाच्या जागतिक प्रदर्शनासाठी सुरू झाला. तिकिटं एक-दोन महिने आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत किमान चार तास ठेवा: पारपत्राची रांग, सामान, विमानतळावरून आतोचापर्यंतचा प्रवास, आणि फलाटावर जाण्याआधी बॅगांची तपासणी. गाडी सुटण्याच्या दोन-तीन मिनिटं आधी दार बंद होतं. धावत येऊन चढू, ही आपल्याकडची सोय तिथे नाही.

राहायचं कुठे

सांता क्रूस ही जुनी ज्यू वस्ती दिसायला सुंदर आहे. पण तिच्या गल्ल्या इतक्या अरुंद की टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि दगडी फरसबंदीवरून चाकाची बॅग ओढताना दोघांचीही चिडचिड होते. गल्ल्या अरुंद ठेवण्याचं कारण सावली, हे दुपारी तिथून चालताना आपोआप पटतं. आरेनाल किंवा आल्फाल्फा या भागांत खोली घेतली तर सगळं पायी जवळ राहतं आणि खाणंही कमी पर्यटकी मिळतं. नदीपलीकडचं त्रियाना आणखी घरगुती. कुठेही घ्या, पण वातानुकूलन आहे का ते बघा आणि खाली बार असेल तर खोली आतल्या चौकाकडची मागा, कारण रात्री एकपर्यंत रस्त्यावर गप्पा चालतात. वीज 230 व्होल्ट. आपला दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, तीन पिनांचा बसत नाही.

तिकिटं: आल्कासार सगळ्यात आधी

विमानानंतरचं पहिलं आरक्षण हॉटेलचं नव्हे, आल्कासार राजवाड्याचं करा. प्रवेश ठरलेल्या वेळेचा असतो आणि वसंतात अधिकृत संकेतस्थळावरची तिकिटं आठवडे आधी संपतात. मग दलाली संकेतस्थळं तेच तिकीट दुप्पट दराने देतात. तिकिटावर नाव असतं, दारात ओळखपत्र तपासतात, म्हणून मूळ पारपत्र सोबत हवं.

वेळ सकाळी साडेनऊची, म्हणजे दार उघडतानाची घ्या. आत गेल्यावर बहुतेक लोक पहिल्या अंगणातच फोटो काढत रेंगाळतात. तुम्ही सरळ पेद्रो राजाच्या महालात जा आणि कन्यांचं अंगण आणि राजदूतांचा दिवाणखाना आधी बघा, अर्ध्या तासाने तिथे पाय ठेवायला जागा नसते. हा महाल 1364 च्या सुमारास एका ख्रिस्ती राजाने मुस्लिम कारागिरांच्या शैलीत बांधून घेतला. भिंतींवर अरबी अक्षरं आहेत, आणि त्यांत त्याच राजाचा गौरव कोरलेला आहे. खालच्या भिंतीवर रंगीत टाइल, मधे चुन्याचं कोरीवकाम, वर लाकडी छत, असं तीन थरांत प्रत्येक खोली बघत गेलात तर नजर भिरभिरत नाही. मग बागा. तिथे जमिनीखाली मारिया दे पादियाचं स्नानगृह म्हणून ओळखली जाणारी लांबट कमानींची खोली आहे. ती चुकवू नका, पाण्यात कमानींचं प्रतिबिंब पडतं. एकूण तीन तास धरा. वरचा मजला आजही स्पेनच्या राजघराण्याच्या वापरात आहे. त्याचं तिकीट वेगळं, गट लहान, आणि त्याची वेळ मुख्य प्रवेशाशी जुळवून घ्यावी लागते. पहिल्या भेटीत तो सोडला तरी चालेल.

दुसरं आरक्षण कॅथेड्रल आणि हिराल्दा मनोऱ्याचं. हे काही दिवस आधी मिळतं. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात. त्याच तिकिटावर सान साल्वादोर चर्चही बघता येतं.

तिसरं फ्लामेंको या गाण्या-नाचाच्या कार्यक्रमाचं. त्याबद्दल पुढे.

दिवसाचं घड्याळ

इथे बहुतेकांची पंचाईत होते. न्याहारी साडेआठ ते साडेदहा. दुपारचं जेवण दोन ते चार, लवकरात लवकर दीड. साधारण चार ते आठ स्वयंपाकघरं बंद. रात्रीचं जेवण नऊनंतर, उन्हाळ्यात दहा. स्पेन भूगोलाने पश्चिमेला असूनही घड्याळ मध्य युरोपाचं पाळतो, म्हणून जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो. जेवणं उशिरा असण्याचं मोठं कारण तेच.

संध्याकाळी सहाला भूक लागलेलं भारतीय जोडपं मग कॅथेड्रलसमोरच्या, सहा भाषांत चित्रांसकट मेनू लावलेल्या दुकानात शिरतं आणि गोठवलेला पाएया गरम करून खातं. पाएया हा भाताचा पदार्थ मुळात व्हालेन्सियाकडचा. सेवियात तो जेवायला येऊ नये. त्यापेक्षा सहा वाजता कॉफी आणि सोबत तोर्ता दे आसेइते घ्या. ही ऑलिव्ह तेलात केलेली, बडीशेपेच्या वासाची, खुसखुशीत पातळ चकती. तिच्यावर नऊपर्यंत आरामात निघतं. आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच खोलीवर जाऊन झोपा. हा वेळ वाया गेला असं वाटू देऊ नका, रात्रीचं सेविया जागेपणी बघायचं तर झोप लागतेच.

बारमध्ये मागवायचं कसं

तिथला बार म्हणजे आपल्याकडचा काळोखा दारूचा गुत्ता नव्हे. आजी-नातवंडांपासून सगळे तिथे खातात, आणि दारू न पिणाऱ्याने सोडा किंवा पाणी मागितलं तर कोणी वळूनही बघत नाही.

पदार्थ तीन मापांत मिळतात. तापा म्हणजे बशीभर, दोघांना तीन-चार घास. मेदिया रासिओन म्हणजे अर्धी प्लेट. रासिओन म्हणजे पूर्ण प्लेट. तापा साधारण 3 ते 5 युरो. दोघांचं गणित असं ठेवा: एका बारमध्ये दोन तापा, दोन पेयं, मग बाहेर पडून पुढचा बार. तीन बारांत पोट भरतं आणि 35 ते 45 युरोंत भागतं. पहिल्याच ठिकाणी पाच पदार्थ मागवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. ते पाचही एकदम येतात, गार होतात, आणि पुढच्या बारची मजा जाते. ग्रानादा शहरात पेयासोबत तापा फुकट येतो. सेवियात येत नाही, त्यामुळे वाट बघू नका.

पुष्कळ बारांत तापा फक्त काउंटरशी उभ्याने मिळतो. टेबलावर बसलात की मेदिया किंवा रासिओनच घ्यावी लागते, आणि बाहेर अंगणात बसण्याचे थोडे जास्त पैसे पडतात. मेनूवर मासळीपुढे आकड्याऐवजी बाजारभाव किंवा किलोचा दर असेल तर आधी विचारा: क्वांतो एस? न विचारता मागवलेल्या कोळंबीने बिल दुप्पट होतं. न मागता आलेल्या पावाचे किंवा पिकोस नावाच्या कडक काड्यांचे एक-दीड युरो लागू शकतात. पाणी मात्र नळाचं मागा, आग्वा देल ग्रिफो. ते पिण्याजोगं असतं आणि 2022 च्या कायद्याप्रमाणे उपाहारगृहाने ते फुकट द्यायला हवं. बिल शेवटी: ला क्वेंता, पोर फावोर. टीप सक्तीची नाही, सुटे ठेवले तरी पुरे.

सुरुवातीला एल रिन्कोन्सियोला जा. 1670 पासूनची जागा म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिथे वेटर खडूने लाकडी काउंटरवरच तुमचा हिशेब लिहितो, त्यावर कोपर ठेवू नका. इथला मागवायचा पदार्थ म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस: पालक, काबुली चणे, लसूण, जिरं, लाल पाप्रिका आणि घट्टपणासाठी तळलेल्या पावाचं वाटण. जिऱ्याचा वास आला की मराठी जीभ लगेच ओळख दाखवते. इथल्या स्वयंपाकात जिरं अरबांच्या काळी मुरलं. उलट मिरची, टोमॅटो, बटाटा हे अमेरिकेतून आले, आणि सोळाव्या शतकात अमेरिकेचा सगळा स्पॅनिश व्यापार याच शहराच्या धक्क्यावर उतरत असे. आपल्याकडे मिरची पोर्तुगिजांच्या हातून आली, तरी तिच्या युरोपातल्या पहिल्या पावलांच्या खुणा या नदीकाठी आहेत.

पुढचे पदार्थ, ज्याच्या त्याच्या आवडीने. सालमोरेखो, म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं गार, दाट सार. मूळ कोर्दोबाचं, पण इथे सगळीकडे. कासोन एन आदोबो, म्हणजे व्हिनेगर आणि जिऱ्यात मुरवून तळलेला मुशीच्या जातीचा मासा. मालवणकडच्या माणसाला हा पहिल्या घासात आवडतो. कार्रियादा, म्हणजे वाइनमध्ये मऊ शिजवलेला डुकराचा गाल. प्रिन्गा, म्हणजे रश्श्यातलं मांस कुस्करून छोट्या गरम पावात. त्यासाठी बोदेगीता रोमेरोचं नाव घेतात. आणि एकदा तरी खामोन इबेरिको दे बेयोता, ओकची फळं खाऊन वाढलेल्या डुकराची कापडासारखी पातळ कापं. हे महाग आहे, तापाभरच घ्या, आणि फ्रीजमधून काढल्यासारखं गार असेल तर दोन मिनिटं थांबा, चरबी चकाकू लागली की खा.

पेयांत मान्सानियाचा घोळ लक्षात ठेवा. या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत: सानलूकार गावची कोरडी, गार वाइन; एका जातीचं ऑलिव्ह; आणि कॅमोमाइलचा काढा. कॅफेत मागितलीत तर काढा येतो, बारमध्ये वाइन. सांग्रिया स्थानिक फारसे पीत नाहीत. ते उन्हाळ्यात तिन्तो दे व्हेरानो घेतात, म्हणजे लाल वाइन आणि गोडसर सोडा. हलकी आणि स्वस्त. कॅथेड्रलजवळच्या आल्वारो पेरेखील या चिंचोळ्या दुकानात संत्र्याच्या सालीचा वास दिलेली गोड वाइन मिळते, एक पेला दोघांत पुरतो.

शाकाहारी असाल तर

निभतं, पण नुसतं "शाकाहारी" म्हणून निभत नाही. तिथे कार्ने या शब्दाने मोठ्या मांसाचा तुकडा समजतात. हॅमचे कण आणि टूना मासा त्यात पुष्कळजण धरत नाहीत. म्हणून पूर्ण वाक्य म्हणा: नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी आतून. म्हणजे मांस, मासा, हॅम, टूना काहीच खात नाही. सालमोरेखोवर हॅम आणि अंडं भुरभुरून येतं, तेव्हा सिन खामोन, सिन वेवो. एन्सालादिया रूसा आणि पापास आलिन्यास या बटाट्याच्या पदार्थांत बहुधा टूना असतो, क्रोकेतासमध्ये हॅम. तळलेली वांगी उसाच्या काकवीबरोबर फार छान लागतात, पण ती मासे तळलेल्याच तेलात तळलेली असू शकतात. चालत नसेल तर विचारा. पालक-चणे, बटाट्याचं तोर्तिया (अंडं असतं), पिमिएन्तोस दे पाद्रोन नावाच्या तळलेल्या छोट्या मिरच्या, ऑलिव्ह, चीज यांवर दोन वेळा सहज निघतात. मान्तेकादो आणि पोल्व्होरोन ही बिस्किटं निरुपद्रवी दिसतात, पण मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी.

न्याहारीचा प्रश्न सगळ्यांसाठी सुटलेला आहे: ऊना मेदिया कोन तोमाते ई आसेइते. अर्धा भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो, तेल टेबलावर. तेल चमचाभर नव्हे, पाव ओला होईपर्यंत घाला, मग मीठ.

पाच दिवसांची मांडणी

पोचल्याचा दिवस रिकामा ठेवा. नदीकाठी तेराव्या शतकातल्या तोर्रे देल ओरो मनोऱ्यापासून त्रियानाच्या पुलापर्यंत चाला, एका बारात खा, झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्कासार. बाहेर पडल्यावर समोरच आर्खिवो दे इंदियास, 1785 मध्ये स्थापन झालेलं वसाहतींचं दफ्तर. प्रवेश फुकट, वीस मिनिटं पुरतात. जेवण, झोप, आणि सूर्यास्ताच्या दीड तास आधी प्लासा दे एस्पान्या. 1929 च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुशिल्पीने उभारलेलं हे अर्धवर्तुळ साधारण पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून संध्याकाळचं ऊन विटांवर पडतं. सकाळी गर्दी कमी, पण ऊन इमारतीच्या पाठीमागे असतं. प्रांतांच्या 48 टाइलच्या बाकांपैकी एखाद्यावर बसा, कालव्यात दोघांसाठी वल्ह्याची होडी घ्या. वल्हवणाऱ्याने पाठ पुढे करून बसायचं असतं, नाहीतर होडी गोल गोल फिरते.

तिसरा दिवस कॅथेड्रलचा. मशिदीच्या जागेवर पंधराव्या शतकात बांधकाम सुरू होऊन 1506 मध्ये ते पुरं झालं. आतमध्ये कोलंबसची शवपेटी चार पुतळे खांद्यावर घेऊन उभे आहेत: कास्तिया, लेओन, आरागोन आणि नाव्हार्रा ही चार राज्यं. काल प्लासा दे एस्पान्याचे चार पूल ओलांडलेत, ते याच चौघांचे. हिराल्दा मूळचा मशिदीचा मिनार. आत पायऱ्या नाहीत, 35 उतार आहेत, अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतो, शेवटी थोड्याच पायऱ्या. बाहेरच्या अंगणातली आणि गावभरची संत्री तोडून खाऊ नका. ती कडवट जातीची, मुरंब्याची आहेत. या दिवशी रस्त्यावरची गटारांची झाकणंही बघा: त्यांवर NO आणि DO यांच्यामध्ये 8 सारखी लोकरीची लड, असं नगराचं चिन्ह दिसेल. लडीला मादेखा म्हणतात, आणि सगळं सलग वाचलं की "तिने मला सोडलं नाही" असं वाक्य होतं. दहाव्या आल्फोन्सो राजाने एकनिष्ठ नगरीला ते दिलं, असं परंपरा सांगते. संध्याकाळी लास सेतास या 2011 मधल्या लाकडी छत्र्यांवर चढा.

कॅथेड्रलजवळ कोणी रोझमेरीची काडी हातात देऊ लागलं तर हात मागे घ्या. काडी घेतली की हात बघतात आणि मग पैशांवरून हुज्जत. पाकीट मागच्या खिशात नको.

चौथा दिवस त्रियाना. बाजार सकाळी, रविवार सोडून, आणि सोमवारी मासळी नसते. त्या बाजाराखाली इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांवर खटले चालवणाऱ्या धर्मन्यायालयाच्या, किल्ल्याचे अवशेष आहेत. मग आसपासची टाइलची दुकानं: हाताने रंगवलेल्या टाइलवर रेषा किंचित उंच लागते आणि रंग सारखा नसतो, छापील टाइल अगदी सपाट असते. दुपारी जेवायला लास गोलोन्द्रिनास हा बार. रात्री फ्लामेंको, पण जेवणाशिवायचा, लहान खोलीतला, ध्वनिक्षेपक नसलेला. साधारण एक तास, 20 ते 25 युरो. जागा आकड्यांच्या नसतील तर वीस मिनिटं आधी जाऊन पहिल्या दोन रांगा धरा, कारण पाय दिसले नाहीत तर अर्धा नाच गेला. टाळ्यांचा ताल कलाकारच धरतात, मधे आपण धरला तर त्यांची लय मोडते.

पाचवा दिवस कोर्दोबाला. गाडीने पाऊण तास. रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ तिथली मेस्कीता, म्हणजे पुढे कॅथेड्रल झालेली जुनी मशीद, फुकट आणि शांत असते, त्यासाठी साडेसातच्या आधीची गाडी हवी. संध्याकाळपर्यंत परत.

निघताना

जोगिणींच्या मठांत गोड पदार्थ मिळतात. सान लेआन्द्रो मठाच्या येमास, म्हणजे अंड्याच्या बलकाच्या साखरी वड्या, सगळ्यात नावाजलेल्या. भिंतीत लाकडी फिरतं कपाट असतं, त्याला तोर्नो म्हणतात. घंटा वाजवा, आतून आवाज आला की पदार्थाचं नाव सांगा, कपाटात पैसे ठेवा. ते फिरून डबा घेऊन येतं. जोगीण दिसत नाही. सुटे पैसे न्या, कार्ड चालेलच असं नाही, आणि दुपारी दार बंद असतं. ऑलिव्ह तेल हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा जास्त चालत नाही, डबाबंद पत्र्याचं घेऊन मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा. टाइल एकीवर एक आडव्या न ठेवता मधे मोजे घालून उभ्या भरा. खरेदीवरचा कर परत हवा असेल तर दुकानातच पारपत्र दाखवून अर्ज घ्या, आणि युरोपीय संघातून ज्या विमानतळावरून बाहेर पडाल तिथे सामान आत देण्यापूर्वी तो यंत्रावर मंजूर करून घ्या. बॅग गेल्यावर सीमाशुल्कवाल्याने वस्तू बघायला मागितली तर दाखवायला काही उरत नाही.